भेग बुजली नाही, तर दोष कुठे शोधायचा?

स्वतःची डागडुजी स्वतः करणाऱ्या पदार्थाने ऐन वेळी काम केलं नाही, तर दोष शोधणं फार अवघड जातं. दुरुस्तीचं सगळं साहित्य पदार्थाच्या पोटात असतं आणि वरून काहीच कळत नाही. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत या क्षेत्रात जी प्रगती झाली, तिचा मोठा भाग मला या शोधाशोधीचा वाटतो.

सुरुवात 2001 ची. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात स्कॉट व्हाइट, नॅन्सी सॉटॉस, जेफ्री मूर आणि सहकाऱ्यांनी इपॉक्सीत (घट्ट होऊन कडक बनणाऱ्या राळेत) द्रवाने भरलेल्या सूक्ष्म कुप्या मिसळल्या आणि सोबत उत्प्रेरकाचे, म्हणजे द्रव घट्ट करणारी क्रिया घडवणाऱ्या पदार्थाचे कण पेरले. भेग सरकत कुपीपर्यंत येते, कुपी फुटते, द्रव भेगेत आपसूक ओढला जातो, उत्प्रेरकाला भिडतो आणि घट्ट होतो. 48 तासांनी तुकडा पुन्हा तोडून पाहिला, तेव्हा तडे रोखण्याची मूळ ताकद 75 टक्क्यांपर्यंत परत आलेली होती.

मग अडचणी दिसू लागल्या. कुपीची भिंत जेमतेम 160 ते 220 नॅनोमीटर (मिलिमीटरचा दहा लाखावा भाग म्हणजे एक नॅनोमीटर) जाडीची. ती पातळ झाली तर कुप्या मिश्रण ढवळतानाच फुटतात, जाड झाली तर भेग आली तरी फुटत नाहीत. दोन्ही वेळा बाहेरून दिसणारं लक्षण एकच: भेग तशीच राहते. उत्प्रेरकाचं दुखणं वेगळं होतं. इपॉक्सी घट्ट करणारं हार्डनरच त्याला निकामी करत होतं, शिवाय त्याचे कण एका जागी गोळा होत. 2005 मध्ये त्याला मेणाचं आवरण दिलं गेलं. साधाच उपाय, पण बिघाड द्रवात नसून उत्प्रेरकात आहे हे आधी कळावं लागलं. कुप्या लहान करत करत 2008 मध्ये 220 नॅनोमीटरपर्यंत आणल्या गेल्या, मात्र इतक्या बारक्या कुपीत द्रव तो किती मावणार!

एकदा फुटलेली कुपी पुन्हा भरत नाही, ही मूळ उणीव. म्हणून 2007 मध्ये याच गटाने कातडीखालच्या रक्तवाहिन्यांसारखं द्रव वाहणाऱ्या नळ्यांचं जाळं केलं आणि वर उत्प्रेरक मिसळलेला थर दिला. एकच भेग सात वेळा बुजली. पुढे मात्र गाडी अडली, कारण द्रव येत राहिला तरी वरच्या थरातला उत्प्रेरक संपत गेला.

मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते 2016 चं काम. यात पृष्ठभागावरच्या लेपात मिसळायच्या कुपीत रंगसूचक, म्हणजे रंग बदलून खूण देणारा पदार्थ भरला. कुपी फुटली की तो लेपातल्या अमाइन या रसायनाला भिडतो आणि पिवळ्याचा लाल होतो. 10 मायक्रॉनइतका (मिलिमीटरचा शंभरावा भाग) बारीक ओरखडाही लाल रेघ होऊन डोळ्यांना दिसतो. या कुप्या भेग बुजवत नाहीत, पण ती कुठे पडली हे पदार्थ स्वतःच सांगू लागला.

धातूंची गोष्ट निराळी, तिथे कुपीही नाही. पदार्थशास्त्रज्ञ मायकेल डेमकोविच यांनी 2013 मध्ये संगणकावरच्या गणितातून मांडलं होतं की धातूतली अतिसूक्ष्म भेग आपोआप मिटू शकते. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात अमेरिकेतल्या सँडिया प्रयोगशाळेत 40 नॅनोमीटर जाडीचा प्लॅटिनमचा पत्रा सेकंदाला 200 वेळा ताणला जात होता. उद्देश वेगळाच होता, भेग वाढते कशी ते पाहण्याचा. साधारण 40 मिनिटांनी भेगेचं टोक सांधलं गेलं. हे घडलं ते निर्वात कक्षात. हवेत हेच होईल का, हा प्रश्न त्या प्रयोगाने मोकळाच ठेवला आहे. भेगेच्या दोन कोऱ्या कडांमध्ये हवेचे रेणू शिरले, तर सांधा बसायला अडथळा येऊ शकतो.