वस्ती आरोग्य व्यवस्था (मराठवाड्यातील शहरे)

शहरातल्या एखाद्या वस्तीचे आरोग्य सांभाळणाऱ्या माणसांची आणि संस्थांची साखळी. तिच्यात महापालिकेचा दवाखाना, आशाताई (घरोघरी जाणारी आरोग्य स्वयंसेविका), अंगणवाडी, महिला आरोग्य समिती, वैद्यकीय महाविद्यालय, सेवाभावी रुग्णालये, गल्लीतले खासगी डॉक्टर आणि खुद्द वस्तीतले लोक येतात. मराठवाड्यात छत्रपती संभाजीनगर, नांदेड-वाघाळा, लातूर, परभणी आणि जालना या महापालिकांच्या शहरांत ही व्यवस्था दिसते. यांपैकी जालन्याला महापालिकेचा दर्जा अगदी अलीकडे, २०२३ मध्ये मिळाला. बीड, हिंगोली, धाराशिव यांसारख्या शहरांत नगरपरिषद आणि जिल्हा आरोग्य यंत्रणा मिळून हेच काम करतात.

खेड्यात उपकेंद्र, प्राथमिक आरोग्य केंद्र आणि ग्रामीण रुग्णालय अशी उतरंड फार पूर्वी बसली. शहरात मात्र मोठे सरकारी रुग्णालय आहे म्हणजे सोय झाली, असे बरीच वर्षे धरले गेले. औरंगाबादचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९५६ मध्ये सुरू झाले. त्याचे रुग्णालय साऱ्या मराठवाड्यात ‘घाटी’ या एकाच नावाने ओळखले जाते. अकराशेहून अधिक खाटांच्या या रुग्णालयात मराठवाड्याबरोबर बुलडाणा, जळगाव, अहिल्यानगरकडचेही रुग्ण येतात. साध्या तापाचा, जखमेच्या मलमपट्टीचा किंवा रक्तदाबाच्या गोळ्यांचा रुग्णही केसपेपरच्या त्याच रांगेत उभा राहिला, की गंभीर रुग्णाचा वेळ जातो आणि रोजंदारीवरच्या माणसाचा दिवस बुडतो. रोजच्या दुखण्याला वस्तीजवळच दार हवे, ही गरज या रांगेत सर्वांत स्पष्ट दिसते. पुढे अंबाजोगाई, नांदेड (१९८८) आणि लातूर (२००२) येथेही शासकीय वैद्यकीय महाविद्यालये झाली, पण रांगेचा प्रश्न नुसत्या महाविद्यालयांनी सुटणारा नव्हता.

केंद्र सरकारने २०१३ मध्ये राष्ट्रीय नागरी आरोग्य अभियानाला मंजुरी दिली आणि शहरी वस्त्यांसाठी ठरावीक मापे आली. साधारण ५०,००० लोकसंख्येमागे एक नागरी प्राथमिक आरोग्य केंद्र, १०,००० मागे एक परिचारिका आणि २०० ते ५०० घरांमागे एक आशा. २०११ च्या जनगणनेत औरंगाबाद शहराची लोकसंख्या पावणेबारा लाख, नांदेडची साडेपाच लाख आणि लातूरची पावणेचार लाखांच्या पुढे होती. शहरे त्यानंतरही वाढतच राहिली, त्यामुळे जुन्या आकड्यांवर बेतलेली केंद्रे हद्दीवरच्या नव्या वसाहतींना अपुरी पडतात. १ मे २०२३ पासून राज्यात ‘हिंदुहृदयसम्राट बाळासाहेब ठाकरे आपला दवाखाना’ ही केंद्रे सुरू झाली. त्यांची वेळ दुपारी २ ते रात्री १० अशी ठेवली आहे. छत्रपती संभाजीनगरच्या वाळूज, चिकलठाण्यातल्या कारखान्यांत पाळी करणाऱ्या कामगाराला किंवा चार घरची धुणीभांडी उरकून परतणाऱ्या बाईला सकाळची ओपीडी कधीच गाठता येत नाही. दवाखाना संध्याकाळी उघडा असणे ही अशांसाठी मोठी सोय आहे.

या साखळीतला सर्वांत कमी माहीत असलेला आणि माझ्या मते सर्वांत मोलाचा दुवा म्हणजे महिला आरोग्य समिती. पन्नास ते शंभर घरांमागे वस्तीतल्याच दहा-बारा बायकांची ही समिती असते आणि आशाताई तिची सचिव असते. समितीचे बँकेत खाते असते. वर्षाला ५,००० रुपयांचा निधी येतो आणि तो कशावर खर्चायचा हे बायका बसून ठरवतात. तुंबलेली नाली साफ करून घेणे, अडलेल्या बाळंतिणीला रिक्षाने रुग्णालयात पोचवणे, वजनकाटा दुरुस्त करणे अशी छोटी कामे त्यातून होतात. रक्कम लहान आहे, तरी वस्तीने स्वतः ठरवून खर्च केलेला पैसा म्हणून तिचे वजन वेगळे असते. जिथे बचत गट आधीपासून घट्ट असतो तिथे समिती लवकर उभी राहते, कारण हिशेब ठेवण्याची आणि एकमेकींना जाब विचारण्याची सवय बायकांना झालेली असते.

मराठवाड्याच्या शहरांत आरोग्याचा धागा धरून ओढला, की तो पाण्याशी जाऊन पोचतो. छत्रपती संभाजीनगरला पैठणच्या नाथसागरातून पाणी येते, तरी अनेक भागांत नळाला पाणी वर्षानुवर्षे काही दिवसांच्या अंतराने येत आले आहे. लातूरला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. पाणी असे तुटक येत असेल तर प्रत्येक घर साठवणीचे घर बनते. निळे ड्रम, सिमेंटचे हौद, रांजण, हंडे, घमेली, अगदी रंगाचे रिकामे डबेही भरून ठेवले जातात. डेंगी पसरवणारी एडिस डासाची मादी अशाच साचलेल्या स्वच्छ पाण्यात, भांड्याच्या कडेला अंडी घालते. अंड्यापासून डास होण्यास साधारण सात ते दहा दिवस लागतात. म्हणूनच आठवड्यातून एकदा सर्व भांडी रिकामी करण्याचा ‘कोरडा दिवस’ पाळायला सांगितले जाते.

सल्ला बरोबर आहे, पण पाणी आठव्या दिवशी येणार आणि तेही रात्री दोनला, अशा गल्लीत कोरड्या दिवसाचा वार आला म्हणून भरलेला ड्रम कोणती बाई ओतून देईल? इथे आशाताईचे शहाणपण कामी येते. ती वार सांगत नाही, पाण्याचा दिवस धरते. शेवटचा ड्रम तळाला गेला, नळ यायला दोन-चार तास उरले, की तो तिरपा करून आतली कड काथ्याने किंवा ब्रशने खसखसून घासायची. नुसते पाणी ओतून भागत नाही, कारण कडेला चिकटलेली अंडी कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने टिकतात आणि पुन्हा पाणी चढले की त्यांतून अळ्या निघतात. मग भरलेल्या ड्रमवर जुन्या सुती साडीचा दुपदरी तुकडा टाकून सुतळीने आवळायचा, म्हणजे मादीला आत शिरता येत नाही. हौद रिकामा करणे शक्यच नसेल तर त्यात अळीनाशक टाकतात किंवा अळ्या खाणारे गप्पी मासे सोडतात. आशाताई विजेरीचा झोत पाण्यावर मारते तेव्हा वळवळणाऱ्या अळ्या खाली बुडी मारताना दिसतात. घरच्या बाईला एकदा ते डोळ्यांनी दाखवले, की पुढे पत्रकाची गरज राहत नाही. धूर फवारणीची गाडी आली की लोकांना काम झाल्यासारखे वाटते खरे, पण धुराने उडते डास मरतात, ड्रममधल्या अळ्या तशाच राहतात.

सरकारी यंत्रणेबाहेरच्या संस्थांचा वाटाही जुना आहे. लातूरचे विवेकानंद रुग्णालय डॉ. अशोक कुकडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६६ मध्ये सुरू केले. १९८९ मध्ये काही तरुण डॉक्टरांनी औरंगाबादेत डॉ. हेडगेवार रुग्णालय उभारले. त्याच्याशी जोडलेले सावित्रीबाई फुले महिला एकात्म समाज मंडळ शहरातल्या सेवावस्त्यांत (गरीब वस्त्यांत) आरोग्य, शिक्षण आणि बचत गटांचे काम करते, तर दत्ताजी भाले रक्तपेढी रक्ताची गरज भागवते. छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयाला मुंबईच्या टाटा मेमोरियलचे सहकार्य लाभले आणि मराठवाड्यातल्या रुग्णाचे उपचारासाठी मुंबईला जाणे काही प्रमाणात टळले. शस्त्रक्रियेसारख्या मोठ्या खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. २०१२ मध्ये ‘राजीव गांधी जीवनदायी’ या नावाने राज्यातल्या आठ जिल्ह्यांत ती सुरू झाली आणि मराठवाड्यातून त्यात नांदेडचा समावेश होता.

भागीदारीची खरी कसोटी क्षयरोगात लागते. वस्तीतला माणूस खोकला सुरू झाला की आधी कोपऱ्यावरच्या खासगी डॉक्टरकडे किंवा औषधाच्या दुकानात जातो. म्हणून २०१२ पासून खासगी डॉक्टरांनाही क्षयरुग्णाची नोंद सरकारला कळवणे बंधनकारक आहे. उपचार किमान सहा महिने चालतात आणि दोन महिन्यांत बरे वाटू लागताच गोळ्या सोडण्याकडे कल असतो. पोषणासाठी रुग्णाच्या खात्यात दरमहा ५०० रुपये जमा होत, नोव्हेंबर २०२४ पासून ते १,००० झाले. २०२२ मध्ये सुरू झालेल्या ‘निक्षय मित्र’ उपक्रमात व्यक्ती, उद्योग किंवा मंडळे रुग्णाला शिध्याची पिशवी देतात. डाळ, शेंगदाणे, तेल यांची ती पिशवी घेऊन दर महिन्याला कोणीतरी दारात येते, गोळ्यांची पाने पाहते, वजन विचारते. रुग्ण औषधावर टिकतो तो बऱ्याचदा या येण्याजाण्यामुळे.

आरोग्य शिबिरांबद्दल स्पष्ट लिहायला हवे. जयंती, वाढदिवस, निवडणूक अशा निमित्तांनी शिबिरे भरतात, साखर आणि रक्तदाब मोजला जातो आणि कागदावर आकडा लिहून दिला जातो. तो कागद घेऊन पुढे कुठे जायचे, गोळ्या कोण देणार, महिन्याने कोण तपासणार, हे ठरलेले नसेल तर शिबिर रुग्णाच्या मनात फक्त धास्ती ठेवून जाते. ज्या मंडळांनी शिबिराची यादी त्याच आठवड्यात नागरी आरोग्य केंद्राला दिली आणि आशाताईंकडे घरे वाटून दिली, त्यांचे काम टिकते.

लसीकरणात भाषा आणि विश्वास दोन्ही लागतात. छत्रपती संभाजीनगर, नांदेड, परभणीच्या अनेक मोहल्ल्यांत घरची बोली दखनी आहे. तिथे मराठीबरोबर ती बोलणारी आशा असली की दार पटकन उघडते. पोलिओ रविवारी मशिदीच्या भोंग्यावरून किंवा विहारातून दिलेली सूचना कोणत्याही फलकापेक्षा लवकर पोचते. दुसऱ्या दिवसापासून घरोघरी फिरणारे पथक मुलांच्या करंगळीवरची शाई तपासते आणि दारावर खडूने खूण करून पुढे जाते. बीड, जालना भागांतली ऊसतोडीची कुटुंबे दिवाळीच्या सुमाराला निघतात ती उन्हाळ्याच्या तोंडावरच परततात. बाळाचे डोस नेमके या काळात चुकतात. म्हणून निघण्यापूर्वी लसीचे कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून आईच्या हाती देणे, पुढचा डोस कोणत्या महिन्यात ते तिला तोंडपाठ करायला लावणे, हेही आशाताईच्या कामात येते.

भारतातल्या आशांचा जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये गौरव केला. तरीही त्या ‘स्वयंसेविका’च गणल्या जातात आणि त्यांच्या मानधनाचा काही भाग कामागणिक ठरतो. २०२३-२४ मध्ये महाराष्ट्रातल्या आशांनी मानधनवाढीसाठी दीर्घ संप केला, त्यात मराठवाड्यातल्या आशाही होत्या.