शुगर 1024 झाली आणि मशीन बंद पडलं

मार्च 2013 मध्ये लाइफस्कॅन कंपनीनं अमेरिकेत विकलेले आपले ‘वनटच व्हेरिओ आयक्यू’ ग्लुकोमीटर परत मागवले. एखाददुसरा लॉट नव्हे, झाडून सगळे. घरी शुगर तपासायचं हे साधं मशीन. बोट टोचायचं, थेंब पट्टीला लावायचा, काही सेकंदांत आकडा. रोजच्या वापरात त्या आकड्याबद्दल तक्रार करण्यासारखं काही नव्हतं. शुगर 600 च्या वर गेली की ‘अतिशय जास्त’ असा इशाराही यायचा. पण ती 1024 मिलिग्रॅम प्रति डेसीलिटर किंवा त्याहून जास्त असली, की मशीन काहीही न सांगता बंद पडायचं. पुन्हा चालू केलं की तारीख आणि वेळ विचारायचं. ती भरून परत तपासणी केली, की परत बंद!

अमेरिकेबाहेर विकलेली व्हेरिओ प्रो आणि व्हेरिओ प्रो प्लस ही भावंडंही परत घ्यावी लागली. त्यांपैकी एकाची खोड तर जास्त भयंकर होती. ते बंद पडत नव्हतं, खऱ्यापेक्षा खूपच कमी आकडा दाखवत होतं.

1024 म्हटल्यावर कुठल्याही प्रोग्रॅमरचे कान टवकारतील. संगणक दोनच अंकांत मोजतो, आणि दहा वेळा 2 घेऊन ते एकमेकांशी गुणले की 1024 येतात. आकडा साठवायला दहा बिटांची, म्हणजे 0 किंवा 1 मावेल अशा दहा घरांची, जागा ठेवली, तर त्यात 0 ते 1023 एवढंच मावतं. पुढचा एक आकडा आला की जुन्या स्कूटरच्या मीटरवर 99999 नंतर सगळी शून्यं यायची, तसा प्रकार होतो. प्रोग्रॅममध्ये आधीच पहारा बसवला नसेल, तर पुढे एकतर चुकीचा आकडा तरी येतो किंवा सगळा कारभारच कोलमडतो.

पट्टीवर एन्झाइम असतं, ते रक्तातल्या ग्लुकोजशी क्रिया करतं, त्यातून सूक्ष्म वीजप्रवाह तयार होतो आणि मशीन तो मोजतं. रसायनशास्त्राचं काम इथे संपलं. पुढे त्या प्रवाहाचा आकडा करणं, तो मर्यादेत आहे का हे तपासणं, पडद्यावर काय लिहायचं ते ठरवणं, हे सगळं सॉफ्टवेअरकडे. पट्ट्यांचा एखादा लॉट बिघडला तर लॉट नंबर पाहून तेवढेच डबे परत घेता येतात. प्रोग्रॅममधली चूक मात्र प्रत्येक मशीनमध्ये तंतोतंत तीच असते. म्हणून सगळीच मशीन परत घेऊन बदलून द्यावी लागली.

एवढी शुगर क्वचितच होते, हे खरं. पण होते कुणाची? बहुतेकदा टाइप 2 मधुमेह असलेल्या वयस्कर माणसाची, जंतुसंसर्ग झालेला, अंगातलं पाणी आटलेलं. तो ग्लानीत असतो, बरळत असतो. मशीन घरातलं दुसरंच कुणीतरी हाताळत असतं. ते बंद पडलं की त्याला वाटणार, चार्जिंग संपलं. आणि कमी आकडा दिसला तर तो बिचारा साखरेचं पाणी पाजणार. मला यातली सर्वांत वाईट गोष्ट हीच वाटते, की ज्या टोकाला मशीनची खरी गरज, नेमकं तिथेच ते दगा देतं.

याच कंपनीनं आधी एकदा हात पोळून घेतले होते. 1990 च्या दशकातल्या तिच्या ‘शुअरस्टेप’ मशीननं शुगर 500 च्या वर गेल्यावर ‘एचआय’, म्हणजे जास्त, असं दाखवायला हवं होतं. काही वेळा ते ‘ईआर 1’ दाखवायचं. ‘एरर’ दिसल्यावर माणूस पट्टीला दोष देतो, स्वतःच्या शुगरला नाही. सदोष मशीन विकल्याचा आणि एफडीएला, म्हणजे औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख ठेवणाऱ्या अमेरिकेच्या सरकारी यंत्रणेला, खोटे अहवाल दिल्याचा गुन्हा कंपनीनं डिसेंबर 2000 मध्ये कबूल केला आणि एकूण 6 कोटी डॉलर भरले. तिथे चुकीपेक्षा लपवाछपवी महागात पडली, आणि ते योग्यच झालं.

ऑक्टोबर 2005 मध्ये एफडीएनं अ‍ॅबट या दुसऱ्या कंपनीच्या ग्लुकोमीटरबद्दल दिलेला इशारा आणखी निराळा. तारीख-वेळ लावताना, किंवा मशीन खाली पडलं तरी, मोजण्याचं एककच बदलून जाऊ शकत होतं. भारतात आणि अमेरिकेत मिलिग्रॅम प्रति डेसीलिटर वापरतात, ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियात मिलिमोल प्रति लिटर. 270 ची शुगर दुसऱ्या एककात 15.0 होते. मधला टिंब नजरेतून सुटला तर 150 वाटते, आणि एकक बदललंय हेच ठाऊक नसेल तर काहीच्या काही कमी.

लंडन किंवा मेलबर्नच्या मुलानं आईसाठी तिथलं मशीन आणलं असेल, तर पहिल्याच तपासणीला आकड्याशेजारचं एकक वाचा. मिलिमोल असेल तर येईल त्या आकड्याला 18 नं गुणा. आणि डॉक्टरांना फोनवर शुगर सांगताना एककही सांगा.