ग्रामीण–नागरी आरोग्यसेवा विषमता (नागपूर जिल्हा)

आरोग्यसुविधा शहरात एकवटल्यामुळे खेड्यातील रुग्णाला त्याच उपचारासाठी अधिक अंतर, वेळ व खर्च सोसावा लागतो, या स्थितीला ग्रामीण–नागरी आरोग्यसेवा विषमता म्हणतात. मध्य भारतातील रुग्णसेवेचे मोठे केंद्र आणि सातपुड्याच्या पायथ्याची आदिवासी गावे एकाच जिल्ह्यात असल्याने नागपुरात ती विशेष ठळक दिसते.

२०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याच्या सुमारे ४६.५ लाख लोकसंख्येपैकी जवळपास एक तृतीयांश ग्रामीण होती. १९४७ मध्ये सुरू झालेले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय (लोकांच्या तोंडी नुसते ‘मेडिकल’), ‘मेयो’ (इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय), डागा स्त्री रुग्णालय आणि मिहानमधील एम्स या मोठ्या संस्था शहरात किंवा त्याच्या वेशीवर आहेत; खासगी रुग्णालयांची दाटी धंतोली-रामदासपेठेत आहे.

ग्रामीण भागासाठी ३०,००० लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, तर आदिवासी व डोंगराळ भागात २०,००० लोकांमागे एक, असा निकष आहे. तो लोकसंख्येवर बेतलेला असल्यामुळे रामटेक-पारशिवनीच्या विरळ वस्तीत पूर्ण झाला, तरी अंतर उरतेच. खरी उणीव मात्र मधल्या पायरीवर आहे. ग्रामीण रुग्णालयात साधारण ३० खाटा आणि शस्त्रक्रियागृह असले, तरी भूलतज्ज्ञ व स्त्रीरोगतज्ज्ञ एकाच वेळी हजर नसतील आणि रक्ताची सोय नसेल, तर अडलेल्या बाळंतिणीचे सिझेरियन तेथे होऊ शकत नाही. मग तिला ‘रेफर’ केले जाते. हा शब्द आता खेड्यापाड्यांतही समजावून सांगावा लागत नाही. ‘मेडिकल’च्या वॉर्डांत गोंदिया, गडचिरोली, छिंदवाडा, बालाघाटकडील रुग्णही येत असल्याने शहरातील सुविधा मुबलक आहेत, हा समज तेथील रांगेत टिकत नाही.

२०१४ पासून धावणाऱ्या १०८ रुग्णवाहिकेने मोफत वाहन दिले आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेने उपचारांचा खर्च उचलला. पण सोबतच्या नातेवाइकांचा मुक्काम, जेवण आणि बुडालेली मजुरी कुटुंबावरच पडते. म्हणून पेरणीच्या किंवा कापूस वेचणीच्या दिवसांत दुखणे अंगावर काढले जाते. विदर्भात आढळणाऱ्या सिकलसेलसारख्या (रक्ताच्या आनुवंशिक) आजारात हे अधिक जाचते, कारण एकदा निदान होऊन भागत नाही; गोळ्या आयुष्यभर घ्याव्या लागतात, तपासणी वरचेवर करावी लागते, आणि दर खेपेला मजुरीचा एक दिवस जातो.