मूल अठरा वर्षांचं झालं की आई-वडीलही कायद्याने पालक राहत नाहीत: राष्ट्रीय न्यास कायद्याखाली पालकत्वाचा अर्ज कसा करायचा

बौद्धिक अक्षमता असलेला मुलगा किंवा मुलगी अठरा वर्षांची झाली की कायद्याच्या लेखी ती सज्ञान होते आणि आई-वडिलांचं नैसर्गिक पालकत्व त्याच दिवशी संपतं. मुलाला सही करता येते की नाही, पैशाचे व्यवहार कळतात की नाही, याचा त्याच्याशी संबंध नाही. बहुतेक घरांना हे फार उशिरा कळतं. बँक खातं गोठवते तेव्हा, किंवा वडील गेल्यावर कुटुंब निवृत्तिवेतनाचे कागद भरताना. घरात दुःख असताना हे कागद गोळा करायची वेळ कुणावर येऊ नये, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

यासाठी न्यायालयात जावं लागत नाही. राष्ट्रीय न्यास अधिनियम १९९९ नुसार प्रत्येक जिल्ह्यात एक स्थानिक स्तर समिती असते. जिल्हाधिकारी किंवा त्या दर्जाचे अधिकारी, राष्ट्रीय न्यास या केंद्र सरकारच्या संस्थेकडे नोंदणी असलेल्या संस्थेचा एक प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती, असे तिचे तीन सदस्य. पालक नेमण्याचा अधिकार या समितीला आहे. वकील लागत नाही. "मी करून देतो, एवढे द्या" म्हणणाऱ्या मध्यस्थाला एक पैसाही देऊ नका.

कोणाला लागू आणि कोणाला नाही

हा कायदा फक्त चार प्रकारच्या अपंगत्वांसाठी आहे: स्वमग्नता (ऑटिझम), सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता (जुन्या कागदांवर 'मतिमंदत्व') आणि बहुविकलांगता (एकाहून अधिक अपंगत्वं). डाउन सिंड्रोम असलेल्यांच्या प्रमाणपत्रावर बौद्धिक अक्षमता लिहिलेली असते, त्यामुळे ते यात बसतात. स्किझोफ्रेनियासारखा मानसिक आजार यात येत नाही, केवळ अध्ययन अक्षमताही येत नाही. अशा घरांनी या समितीकडे फेऱ्या मारण्यात वेळ घालवू नये, त्यांचा रस्ता वेगळा आहे.

आणखी एक गोष्ट पालकांना रुचत नाही, तरी सांगतो. प्रत्येकाला पालकाची गरज असतेच असं नाही. या व्यक्तीला पालक हवा का, आणि कोणत्या कामांसाठी हवा, हे तपासणं कायद्याने समितीवर बंधनकारक आहे. सेरेब्रल पाल्सी असलेल्या, बोलणं अस्पष्ट पण समज पूर्ण असलेल्या तरुणासाठी घरचे "सोयीचं पडेल" म्हणून पालकत्व मागतात, आणि समितीने त्याला दोन प्रश्न विचारले की अर्ज नामंजूर होतो. ते योग्यच आहे. ज्याला स्वतःचे निर्णय घेता येतात त्याच्या हातून ते काढून घेऊ नका. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये मर्यादित पालकत्वाची तरतूद आहे. त्यात पालक आणि ती व्यक्ती मिळून निर्णय घेतात. अशा तरुणांसाठी त्याचा विचार करावा.

अर्ज कोणी करायचा

आई-वडील दोघं हयात असतील तर दोघांनी मिळून. खरी अडचण इथेच येते. नवरा कित्येक वर्षांपूर्वी घर सोडून गेला, घटस्फोट झाला नाही, मृत्यूचा दाखला असण्याचा प्रश्नच नाही, आणि खिडकीवरचा कारकून म्हणतो, "वडिलांची सही आणा." ही सही कुठून आणायची? मृत्यू, घटस्फोट, कायदेशीर विभक्तपणा, सोडून जाणं किंवा शिक्षा झालेली असणं, यांपैकी कोणत्याही कारणाने जोडीदार उपलब्ध नसेल तर एकट्या पालकाला अर्ज करता येतो. न्यासाच्या विनियमांतच तसं म्हटलं आहे. सोडून गेल्याचा ठरावीक असा कागद कुणाकडेच नसतो. म्हणून आईने प्रतिज्ञापत्र करावं आणि त्याला जे मिळेल ते जोडावं: पोटगीचा जुना आदेश, पोलिसांकडे केलेली तक्रार, एकट्या आईचं नाव असलेली शिधापत्रिका. सोबत एका ओळीचं पत्र द्यावं की विनियमानुसार मी एकटी अर्जास पात्र आहे. पत्राची पोच घ्यावी. तोंडी नकार घेऊन परत येऊ नये.

आई-वडील नसतील तर भावंडं अर्ज करतात. सगळ्यांनी मिळून केला तर उत्तम. एकानेच केला तर बाकीचे का नाहीत ते वेगळं लिहून द्यावं लागतं. बऱ्याच जिल्ह्यांत इतर भावंडांचं ना-हरकतपत्र मागतात. ते आधीच तयार ठेवा, कारण वडिलोपार्जित जमिनीत त्या भावाचा हिस्सा असेल तर नेमका याच कागदावर अर्ज अडतो. नोंदणीकृत संस्थेलाही अर्ज करता येतो.

पालक म्हणून ज्याचं नाव सुचवाल ती व्यक्ती भारतीय नागरिक असावी, गुन्ह्यात शिक्षा झालेली नसावी, दिवाळखोर नसावी आणि स्वतःच्या निर्वाहासाठी दुसऱ्यावर अवलंबून नसावी. ज्या व्यक्तीसाठी पालक नेमायचा ती स्त्री असेल तर एकट्या पुरुषाची पालक म्हणून नेमणूक होत नाही. पुरुषाला पत्नीसह सहपालकत्व मिळतं आणि त्यात पत्नी मुख्य असते. अविवाहित भाऊ बहिणीसाठी अर्ज करतो आणि त्याला नकार मिळतो, तो यामुळे. ही अट मुलींच्या सुरक्षिततेसाठी आहे. भाऊ कितीही प्रेमळ असला तरी अशा वेळी घरातल्या एखाद्या स्त्रीचं नाव सुचवणंच शहाणपणाचं. आई नसलेल्या मुलीच्या वडिलांनी तर अर्ज भरण्याआधीच समितीशी बोलून घ्यावं.

कागदपत्रं

ओळखीचे आणि पत्त्याचे पुरावे, त्या व्यक्तीचे आणि नियोजित पालकाचे फोटो, नियोजित पालकाची लेखी संमती, साक्षीदारांच्या सह्या, हे सगळं फॉर्म ए मध्येच, म्हणजे पालकत्वाच्या अर्जाच्या नमुन्यातच आहे. अर्ज न्यासाच्या संकेतस्थळावरून भरता येतो. भरल्यावर त्याची छापील प्रत आणि सगळ्या कागदांचा संच स्वतःजवळ ठेवा.

अर्ज अडतात ते मुख्यतः तीन ठिकाणी.

पहिलं, दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र. लहानपणी काढलेलं प्रमाणपत्र लॅमिनेट करून वर्षानुवर्षं जपलेलं असतं आणि लोक तेच घेऊन येतात. बौद्धिक अक्षमतेचं प्रमाणपत्र पाचव्या, दहाव्या आणि अठराव्या वर्षी नव्याने तपासून घ्यायचं असतं. अठराव्या वर्षीच्या तपासणीनंतर मिळणारं कायमचं असतं. म्हणजे पालकत्वाच्या अर्जाआधी केंद्र सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर नोंद करून, सरकारी रुग्णालयात तपासणी करून नवं प्रमाणपत्र आणि युडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) हातात यायला हवं. अठरा पूर्ण होत आली की लगेच त्या मागे लागा. बुद्ध्यांक चाचणीसाठी मानसशास्त्रज्ञाची वेळ मिळणं हे अनेक तालुक्यांत सर्वांत कठीण काम आहे.

दुसरं, वयाचा पुरावा. चाळिशीतल्या, शाळेत कधी न गेलेल्या व्यक्तीचा जन्मदाखला बहुतेक घरांत नसतो. एक वर्षाहून जुन्या जन्माची नोंद करायला दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो आणि त्यात बराच काळ जातो. म्हणून आधी विचारा की विशेष शाळेचा किंवा कार्यशाळेचा दाखला, आधार आणि दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रावरची जन्मतारीख यांवर भागेल का. पण या तिन्हींवर तारीख एकच हवी. एका ठिकाणी नुसतं सालच असलं तरी फाइल परत येते.

तिसरं, आधार. बोटांचे ठसे उमटत नाहीत किंवा डोळ्यांचं स्कॅनिंग होऊ देत नाही म्हणून अनेकांचं आधारच निघालेलं नसतं. अशा व्यक्तींसाठी अपवादात्मक नोंदणीची सोय आहे. केंद्रचालक "होत नाही" म्हणाला तर तिथे थांबू नका, मोठ्या आधार सेवा केंद्रात जा.

पत्ताही बघा. व्यक्ती प्रत्यक्ष जिथे राहते त्या जिल्ह्याच्या समितीकडे अर्ज करायचा. आईकडे सोलापूरला वाढलेली आणि आता ठाण्यात बहिणीकडे राहणारी मुलगी ठाण्यात अर्ज करेल, पण त्याआधी आधारवरचा पत्ता बदलायला हवा.

समितीची बैठक

कायद्यानुसार समितीने निदान तीन महिन्यांतून एकदा बसायला हवं. प्रत्यक्षात जिल्हाधिकाऱ्यांच्या कामाच्या डोंगरात ही बैठक सर्वांत खाली जाते आणि निवडणूक लागली की नावच निघत नाही. सत्तरीतल्या आईसाठी तीन महिने म्हणजे काय, हे त्या टेबलावर कुणाला कळत नसेल असं मी मानत नाही, पण विचारल्याशिवाय फाइल हलत नाही. महिन्याला एकदा लेखी विचारा. कधी कधी उत्तर येतं की समितीची मुदत संपली, नवी झाली की बघू. हे मान्य करू नका. मुदत तीन वर्षांची असली तरी नवी समिती नेमली जाईपर्यंत जुनीने काम करायचं असतं, हे त्याच कायद्यात आहे. शांतपणे पण लिहून विचारा, आणि समितीवरच्या संस्थेच्या प्रतिनिधीला जरूर भेटा.

बैठकीला त्या व्यक्तीला सोबत घेऊन जायची तयारी ठेवा. गर्दीचा त्रास होणाऱ्या स्वमग्न मुलासाठी आधी विनंतीपत्र द्या, घरभेट मागा.

प्रमाणपत्र मिळाल्यानंतरच्या दोन मुदती

इथे सर्वाधिक गफलत होते, कारण लोकांना वाटतं काम झालं. नेमणूक झाल्यापासून सहा महिन्यांत त्या व्यक्तीच्या मालमत्तेची, येण्या-देण्याची यादी समितीला द्यायची असते (फॉर्म सी). हे सहा महिने नेमणुकीच्या तारखेपासून मोजतात, प्रमाणपत्र पोस्टाने हातात पडलं त्या दिवसापासून नाही. त्यानंतर दर आर्थिक वर्ष संपल्यावर तीन महिन्यांत, म्हणजे ३० जूनपर्यंत, जमाखर्च द्यायचा (फॉर्म डी). मुलाच्या नावावर काहीच नसेल तरी तसं लिहून द्या. हिशेब न देणाऱ्या पालकाविरुद्ध नातेवाइकाने तक्रार केली तर सांगायला काही उरत नाही, आणि मालमत्तेची हेळसांड हे पालकाला दूर करण्याचं कायदेशीर कारण आहे.

बँकेने हे प्रमाणपत्र स्वीकारलं पाहिजे. समितीच्या प्रमाणपत्रावर खातं उघडता आणि चालवता येतं, असं रिझर्व्ह बँकेने २००७ मध्येच बँकांना कळवलं आहे. तरीही "कोर्टाचं आणा" म्हणणारे शाखाधिकारी आहेत. तसा नकार लेखी मागा, बहुतेकदा तिथेच काम होतं. मात्र त्या व्यक्तीच्या नावावरची जमीन किंवा घर विकायचं असेल तर आधी वकिलाचा सल्ला घ्या.

केंद्र सरकारच्या सेवेत असलेल्या किंवा निवृत्त झालेल्या पालकांनी दिव्यांग अपत्याचं नाव आपल्या हयातीतच निवृत्तिवेतनाच्या आदेशात नोंदवून घ्यावं. ते नंतरच्या माणसांवर सोडू नका. राज्य सरकारच्या सेवेतल्यांनीही आपल्या कोषागारात आजच चौकशी करावी.

निरामय आरोग्य विमा याच चार अपंगत्वांसाठी आहे, संरक्षण एक लाख रुपयांपर्यंत, आधी वैद्यकीय तपासणीची अट नाही. मुदत मात्र ३१ मार्चलाच संपते. जानेवारीत नोंद केली तरी वर्ष जानेवारीपासून मोजलं जात नाही. बदलापूर आणि नाशिक इथल्या 'आधार' या संस्थेसारख्या निवासी संस्थांत प्रवेश घेताना पालकत्वाचं प्रमाणपत्र लागेल का, हे आधीच विचारून ठेवा. जागेसाठी थांबावं लागतं, तेवढ्यात हे काम होऊ शकतं.

मृत्युपत्रात "माझ्यानंतर पुतण्या बघेल" लिहिल्याने पुतण्याला सज्ञान व्यक्तीचं पालकत्व मिळत नाही. पालक वारला की नेमणूक संपते आणि पुन्हा फॉर्म ए भरावा लागतो. आई-वडील थकले असतील तर त्यांनी हयातीतच, त्यांच्या पसंतीच्या तरुण नातेवाइकाचं नाव पालक म्हणून सुचवून अर्ज करावा. तसा अधिकार कायदा त्यांना देतो, आणि समितीसमोर तो नातेवाईक त्यांच्या शेजारी बसलेला असला की अर्धे प्रश्न तिथेच मिटतात.