दूधभात, सोयावडी आणि मांजराचं पित्त

धान मळून कोठीत पडलं, सोयाबीनची पोती सपरीत रचली गेली की घरात उंदीर वाढतात. मग कुणीतरी मामाच्या नाहीतर आत्याच्या गावाहून मांजराचं पिल्लू थैलीत घालून आणतं. विदर्भातल्या खेड्यांत बहुतेक मांजरं अशीच घरात येतात. आल्याआल्या त्याच्यापुढे जर्मनची ताटली सरकवली जाते. त्यात दूध, आणि दुधात कुस्करलेली भाकर किंवा भात. दोन दिवसांत पिल्लाला हगवण लागते, केस पिंजारतात, ते कोठीमागे अंग चोरून बसतं. घरातली जुनी माणसं म्हणतात, "याले हे घर मानवलं नाही." कुणी मीठ-मिरच्या ओवाळून नजर काढतं. चार दिवसांनी पिल्लू परत पाठवलं जातं, किंवा मरतं.

घर न मानवण्यात थोडं तथ्य आहे. आईपासून तुटलेलं, अनोळखी वासांत येऊन पडलेलं पिल्लू घाबरतं आणि भीतीने आतड्याची हालचाल बदलते. पण बहुतेक वेळा बिघडतं ते ताटलीमुळे. मांजराला दूधभात हाच योग्य आहार ही समजूत आपल्याकडे इतकी घट्ट आहे की ती तपासून पाहावी असं कुणाला वाटतच नाही.

मांजर डोळे मिटून दूध पितं, ही म्हण खरी आहे. ते आवडीने पितं. दुधातल्या साखरेची चव मात्र त्याला लागत नाही. गोड चव ओळखणारा जिभेवरचा रेणू तयार करणारं एक जनुक मांजराच्या कुळात मोडलेलं आहे, हे 2005 साली सिद्ध झालं. त्याला ओढ असते ती स्निग्धांशाची आणि प्रथिनांची. पण आवडणं वेगळं आणि पचणं वेगळं. दुधातली साखर म्हणजे लॅक्टोज. ती फोडायला लॅक्टेज नावाचं विकर लागतं. आईच्या अंगावर पिणाऱ्या पिल्लाकडे हे विकर भरपूर असतं. दूध सुटलं की ते झपाट्याने कमी होतं आणि मोठ्या मांजरात अगदी थोडं उरतं. गाईच्या दुधात साधारण साडेचार ते पाच टक्के लॅक्टोज असतं, म्हशीच्या दुधातही जवळपास तेवढंच. न फुटलेलं लॅक्टोज आतड्यात साचतं आणि परासरणाने शरीरातलं पाणी आतड्याकडे ओढून घेतं. पुढे मोठ्या आतड्यातले जिवाणू ते आंबवतात, वायू धरतो, आणि पातळ, आंबूस वासाची हगवण सुरू होते. प्रत्येक मांजराला होईलच असं नाही. काहींना चमचाभर दूध सोसतं, दह्यात लॅक्टोज कमी असल्याने ते आणखी बरं सोसतं. पण नव्या घरात आलेल्या, आधीच घाबरलेल्या पिल्लाला वाटीभर दूध म्हणजे पोट बिघडवण्याची खात्रीच.

ही हगवण दूध थांबवलं की एकदोन दिवसांत आटोक्यात येते. दुधाची जागा वरणभाताने किंवा भिजवलेल्या सोयावडीने घेतली तर जे बिघडतं, ते मात्र बाहेरून दिसतच नाही. ते समजायला पित्ताची गोष्ट नीट पाहावी लागते. सस्तन प्राण्यांच्या शरीरातली इतकी सुंदर व्यवस्था मला दुसरी माहीत नाही, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

शाळेत आपण शिकलो की पित्त यकृतात तयार होतं, पित्ताशयात साठतं आणि मेदाच्या पचनाला मदत करतं. ही मदत कशी होते? साबणाने ताटाचा तेलकटपणा सुटतो, तशी. पित्तातल्या पित्ताम्लांच्या रेणूची एक बाजू तेलाला धरते आणि दुसरी पाण्याला. त्यामुळे मेदाचे मोठे थेंब फुटून बारीक होतात आणि त्यांच्यावर विकरांना काम करता येतं. ही पित्ताम्लं यकृत कोलेस्टेरॉलपासून बनवतं.

पण नुसतं पित्ताम्ल आतड्यात सोडून भागत नाही. जठरातून आलेलं अन्न आम्लयुक्त असतं. त्यात नुसत्या पित्ताम्लावरचा विद्युतभार टिकत नाही, ते पाण्यात नीट विरघळत नाही आणि मेदाचं काम पुरं होण्याआधीच आतड्याच्या वरच्या भागात शोषलं जातं. म्हणून यकृत प्रत्येक पित्ताम्लाला एक छोटा रेणू जोडून पाठवतं. हा जोड दोन पदार्थांचा असू शकतो, ग्लायसिनचा किंवा टॉरिन या गंधक असलेल्या पदार्थाचा. जोड लागला की भार टिकतो आणि पित्ताम्ल शेवटपर्यंत पाण्यात राहून काम करतं.

माणसाचं यकृत दोन्ही जोड वापरतं. ग्लायसिन जास्त, टॉरिन कमी. टॉरिनची टंचाई झाली तर आपलं यकृत ग्लायसिनवर निभावून नेतं. ग्लायसिन हे सर्वांत साधं अमिनो आम्ल, शरीर ते सहज तयार करतं. मांजराच्या यकृताला ही सोय नाही. ते पित्ताम्लाला टॉरिनच जोडतं, आणि रक्तात टॉरिन कितीही खाली गेलं तरी टॉरिनच जोडत राहतं.

आता हे टॉरिन जातं कुठे ते पाहा. लहान आतड्याच्या शेवटच्या भागात बहुतेक पित्ताम्लं परत शोषली जातात, रक्तातून यकृतात येतात आणि पुन्हा पित्तात उतरतात. हा फेरा अखंड चालू असतो. पण प्रत्येक फेऱ्यात थोडा वाटा निसटून मोठ्या आतड्यात जातो. तिथले जिवाणू पित्ताम्लाचा जोड कापून टॉरिन सुटं करतात, आणि त्यांतले काही त्यातल्या गंधकापासून हायड्रोजन सल्फाइड, म्हणजे सडक्या अंड्याच्या वासाचा वायू, तयार करतात. एवढं टॉरिन शरीराच्या हातून गेलं. दर दिवशी थोडं, पण कायमचं. ते भरून काढायला प्राणी सिस्टीन या अमिनो आम्लापासून नवं टॉरिन बनवतात. मांजराकडेही तो मार्ग आहे, पण त्यावरची दोन महत्त्वाची विकरं त्याच्या यकृतात फार मंद काम करतात आणि सिस्टीन दुसऱ्याच वाटेने ऊर्जेसाठी वापरलं जातं. म्हणजे खर्च थांबवता येत नाही आणि घरची कमाई जवळपास नाही. उरतो एकच मार्ग, ते खाण्यातून मिळवणं.

टॉरिन वनस्पतींमध्ये नसल्यातच जमा असतं. मांस, मासे, विशेषतः हृदय आणि कोंबडीच्या तंगडीसारखे गडद स्नायू यांत ते भरपूर असतं. अख्ख्या उंदरातही भरपूर असतं. आजच्या घरगुती मांजराचा पूर्वज म्हणजे आफ्रिकेतलं आणि पश्चिम आशियातलं रानमांजर. धान्य साठवायला लागलेल्या माणसाच्या वस्तीत ते उंदरांच्या मागे सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी आलं. त्याच्या ताटात रोज टॉरिन होतं, त्यामुळे ते स्वतः बनवण्याची गरज या कुळाला कधी पडली नाही. मोकाट मांजरं काय खातात याचा हिशेब 2011 साली प्रसिद्ध झाला. त्यांची ऊर्जा सुमारे 52 टक्के प्रथिनांतून, 46 टक्के मेदातून आणि फक्त 2 टक्के कर्बोदकांतून येते. आपला दूधभात या आकड्यांच्या शेजारी ठेवून पाहा.

टॉरिनचा शोध 1827 मध्ये जर्मन शास्त्रज्ञांना बैलाच्या पित्तातच लागला. पण त्याचं मोल कळायला जवळपास दीडशे वर्षं गेली. 1975 मध्ये के. सी. हेज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की फक्त केसिन, म्हणजे दुधातलं प्रथिन, हाच प्रथिनांचा आधार असलेल्या आहारावर मांजरांचा दृष्टिपटल, म्हणजे डोळ्याच्या आतला प्रकाश टिपणारा पडदा, झिजतो, आणि कारण आहे टॉरिनची कमतरता. 1987 मध्ये कॅलिफोर्नियातल्या पॉल पायन यांनी आणखी मोठी गोष्ट उघड केली. मांजरांचं हृदय फुगून दुबळं होण्याचा एक जीवघेणा आजार टॉरिन कमी पडल्याने होतो, आणि टॉरिन दिल्यावर अनेक मांजरांचं हृदय सुधारतं. त्यानंतर मांजरांचं तयार अन्न बनवणाऱ्यांनी त्यात टॉरिन वाढवलं. गाभण मांजरीला टॉरिन कमी पडलं तर पिल्लं मेलेली जन्मतात किंवा खुरटी राहतात. हे सगळं व्हायला महिने लागतात, कधी वर्षापेक्षा जास्त. हगवण दोन दिवसांत कळते. दृष्टिपटल मात्र मुकाट झिजतो, आणि एकदा गेलेला भाग परत येत नाही.

इथे आपल्या दोन पिकांचा संबंध येतो. 2002 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात मांजरांच्या आहारात तांदळाचा कोंडा घातल्यावर त्यांच्या रक्तातलं टॉरिन खाली गेलं. सोयाबीनच्या प्रथिनांचाही असाच परिणाम दिसला आहे. सोयाप्रथिनाने पित्त जास्त सुटतं, विष्ठेतून पित्ताम्लं जास्त जातात, आणि त्यांच्यासोबत टॉरिनही. म्हणजे भंडारा-गोंदियाचा कोंड्यासकट भात आणि वऱ्हाडातली सोयावडी यांत टॉरिन नाही एवढंच नाही, ते जवळचं टॉरिनही बाहेर नेतात. माळकरी घरातल्या माणसांनी मांजराला सोयावडी प्रेमानेच दिलेली असते, म्हणून हे सांगायला मला वाईट वाटतं. पण सोयावडीवर मांजर ठेवणं म्हणजे त्याचे डोळे आणि काळीज हळूहळू संपवणं आहे.

मग द्यायचं काय? नवं मांजर आलं की आधीच्या घरी ते काय खात होतं ते विचारा आणि दोनतीन दिवस तेच द्या. त्यानंतर आठदहा दिवसांत थोडं थोडं करत नवं अन्न वाढवा. अचानक बदल झाला की आतड्यातले जिवाणू आणि विकरं दोन्ही गोंधळतात. मांसाहारी घरात सोपं आहे. उकडलेली कोंबडी, तिचं हृदय, थोडी कलेजी, बोडीतल्या किंवा तलावातल्या उकडलेल्या मासोळ्या काटे काढून. कलेजी रोज नको, तिच्यातलं अ जीवनसत्त्व साचून हाडं बिघडतात. कच्च्या मासोळ्याही नकोत. काही माशांत ब-1 जीवनसत्त्व नष्ट करणारं विकर असतं, ते शिजवल्यावर निकामी होतं. आणि एक गोष्ट आवर्जून पाळा. टॉरिन पाण्यात विरघळतं. मांस उकडून पाणी फेकलं तर टॉरिनचा मोठा भाग मोरीत जातो. ते पाणी मांसासोबतच द्या. पण कांदा-लसूण पडण्याआधी वेगळं काढलेलं. कांदा-लसणातली गंधकयुक्त संयुगं मांजराच्या लाल रक्तपेशी फोडतात. सावजीच्या रश्शात भाकर चुरून देणं म्हणूनच घातक आहे. फक्त मांसावरही कायम ठेवता येत नाही, कारण त्यात कॅल्शियम फार कमी. उंदीर हाडांसकट खाल्ला जातो, बोनलेस कोंबडीत हाड नसतं. वाढत्या पिल्लाला म्हणूनच निदान अर्धा आहार मांजरांसाठी बनवलेल्या तयार अन्नाचा असावा. शाकाहारी घरातही हाच मार्ग. पाकिटावर ते मांजरांसाठीचं पूर्ण आणि संतुलित अन्न असल्याचं लिहिलेलं आहे का आणि घटकांत टॉरिन आहे का, एवढं वाचा. 'ग्रेन-फ्री', 'नॅचरल' असे मोठ्या अक्षरांतले शब्द आहारशास्त्राच्या दृष्टीने काहीच सांगत नाहीत. कुत्र्याच्या पाकिटावर मांजर ठेवू नका. कुत्र्यांना टॉरिन बनवता येतं, म्हणून त्यांच्या अन्नात ते घातलेलं असेलच असं नाही.

उपाशी मांजर जास्त उंदीर मारतं, असं म्हणून काही जण खायलाच घालत नाहीत. पोट भरलेलं मांजरही शिकार करतंच, ती त्याची वृत्ती आहे. उंदीर मारायला घरात विषारी गोळ्या ठेवल्या असतील तर मात्र मांजर आणू नका. विष खाल्लेला उंदीर त्याने खाल्ला तर ते मरू शकतं.

आता नजरेचं आणि लंघनाचं. हगवण लागली की एक दिवस नजर काढण्यात जातो आणि दोन दिवस "पोटाला आराम" म्हणून उपास घडतो. माणसाला एखादं लंघन सोसेल, मांजराला नाही. मोठं मांजर दोनतीन दिवस खाल्ल्यावाचून राहिलं, विशेषतः ते लठ्ठ असेल तर, अंगातली चरबी सुटून यकृतात भरते आणि यकृत बंद पडायला लागतं. छोट्या पिल्लाची रक्तातली साखर तर काही तासांच्या उपासानेही धोक्याइतकी उतरते. म्हणून हगवण लागलेल्या मांजराचं दूध थांबवा, अन्न थांबवू नका. थोडी थोडी उकडलेली कोंबडी वरचेवर द्या आणि पाणी दोनतीन ठिकाणी ठेवा. मे महिन्यात पारा 45 अंशांवर गेलेला असताना हगवणीने पिल्लू एका दिवसात सुकतं. मानेमागची कातडी चिमटीत धरून सोडली आणि ती सावकाश बसली, हिरड्या चिकट लागल्या, तर शरीरातलं पाणी कमी झालंय.

दूध बंद करूनही हगवण थांबली नाही तर जंतांचा विचार करा. गोल जंतांच्या अळ्या आईच्या दुधातून पिल्लाकडे येतात, त्यामुळे बाहेर न गेलेल्या पिल्लालाही जंत असू शकतात. पोट नगाऱ्यासारखं आणि बरगड्या मोजता येतील असं पिल्लू बहुधा जंतांचंच असतं. शेपटीखाली तांदळाच्या दाण्यासारखे तुकडे दिसले तर ते पट्टकृमीचे, आणि पट्टकृमी पिसवांतून येतात, म्हणून पिसवांचाही बंदोबस्त करावा लागतो. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात बैल-शेळ्यांची गर्दी असते, तरी मांजराचं वजन करून जंताचं औषध तिथे मागायला संकोच करू नका. जाताना ताजी विष्ठा डबीत नेली तर सूक्ष्मदर्शकाखाली जंतांची अंडी शोधता येतात. रक्ताची हगवण, सतत उलट्या आणि मान टाकलेलं पिल्लू असेल तर त्याच दिवशी जा. तो पॅनल्युकोपेनिया हा विषाणूचा आजार असू शकतो. त्यात लस न घेतलेली पिल्लं फार मरतात, आणि एका पिल्लाकडून तो घरातल्या सगळ्या मांजरांना होतो. घरातली तापाची गोळी मात्र कधीही देऊ नका. पॅरासिटामॉल निकामी करणारं यकृतातलं विकर मांजरात जवळपास नाही. एका गोळीने मोठं मांजरही मरू शकतं.