लागतं काय आणि आहे काय

"दादा, रिक्वायरमेंट्सची फाइल आहे की. मग पायप्रोजेक्टमध्ये परत तेच कशाला लिहायचं?" हा प्रश्न मला इतक्या वेळा आलाय की आता उत्तर दारावर पाटी करून लावावं म्हणतो. तेच नाहीये, म्हणून. (पायथनची लायब्ररी, म्हणजे दुसऱ्यांनी वापरायचा तयार कोड, बाहेर द्यायची तर तिची माहिती पायप्रोजेक्ट डॉट टॉमल या फाइलीत लिहितात, त्याबद्दल बोलतोय.)

रिक्वायरमेंट्स डॉट टीएक्सटी तुम्हाला पाठ आहे. पिप फ्रीझ मारायचं (पिप म्हणजे पॅकेजेस बसवणारं साधन, फ्रीझ म्हणजे बसलेल्या सगळ्यांची आवृत्त्यांसकट यादी), जे येईल ते फाइलीत ओतायचं, मित्राला पाठवायचं. एक साधी टेक्स्ट, दुसरी टॉमल, एकीत नुसत्या ओळी, दुसरीत चौकटी कंस. हे फरक सोडून द्या, त्यात कुणी अडत नाही.

अडतात ते इथे. पायप्रोजेक्टमधली डिपेन्डन्सीजची यादी सांगते की माझ्या कोडला काय *लागतं*. फ्रीझ सांगतं की माझ्या मशीनवर आज काय *आहे*. अळूच्या फदफद्याची कृती कुणी मागितली तर आपण 'चुका घे, डाळ घे' म्हणतो. काल मंडईतून आणलेल्या पिशवीतलं सगळं वाचून दाखवत नाही. त्या पिशवीत कांदे असतात, घरच्या मांजरासाठी काहीतरी असतं.

परवाच कोथरूडच्या एका मुलाने लायब्ररी दाखवली. सोसायटीच्या मेंटेनन्सची एक्सेल वाचून पावतीवर 'अक्षरी रुपये चार हजार दोनशे फक्त' असं लिहून देणारी. छान काम, दीडशे ओळींचं. त्याला थेट लागत होतं फक्त तक्ते हाताळणारं पांडाज आणि एक्सेल वाचायला ओपनपायएक्सएल. पण साहेबांनी अख्खं फ्रीझ डिपेन्डन्सीजमध्ये चिकटवलेलं. त्यात ज्युपिटर होतं, आणि 'नमपाय, बरोबर १.२६.४' अशी ओळ होती (नमपाय म्हणजे पांडाज आतून वापरतं ते आकडेमोडीचं पॅकेज).

त्याच्या मित्राकडे पायथन ३.१३. नमपाय १.२६.४ चं तयार व्हील (आधीच बांधलेली, लगेच बसणारी फाइल) ३.१३ साठी नाहीच, म्हणून पिप सोर्सपासून बांधायला बसलं. विंडोजवर कंपायलर नाही. स्क्रीनभर लाल अक्षरं, आणि हा मला विचारतोय की पांडाज बिघडलंय का! दुसऱ्या मित्राच्या एका पॅकेजला नमपाय २ च्या पुढचंच हवं होतं. एका एन्व्हायर्नमेंटमध्ये (पायथन आणि त्यात बसवलेली पॅकेजेस यांचा एक संच) एका पॅकेजची एकच आवृत्ती राहते, त्यामुळे पिपने सरळ हात वर केले.

उलटी चूकही तितकीच सर्रास होते. यादी फक्त रिक्वायरमेंट्समध्ये, पायप्रोजेक्टमध्ये शून्य. तुमच्याकडे सगळं चालतं, कारण तुमच्याकडे सगळं आहे. पायपीआयवरून (पायथनच्या सार्वजनिक पॅकेज-भांडारातून) घेणाऱ्याचं पिप ती फाइल उघडूनही बघत नाही. लायब्ररी बसते, इम्पोर्ट करताच आपटते.

माझा नियम: लायब्ररी असेल तर थेट लागणारी नावं, फार तर किमान आवृत्ती. नवी आवृत्ती आपला कोड मोडते हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय वरची मर्यादा घालायची नाही. 'उगाच सेफ्टी म्हणून' घातलेली मर्यादा दुसऱ्याच्या गळ्यात पडते. सर्व्हरवर चढवायचं ॲप असेल तर मात्र सगळं नेमकं बांधून ठेवा, तिथे फ्रीझ हवंच. आणि सेटअप डॉट पीवाय (अशीच माहिती ठेवायची जुन्या पद्धतीची फाइल) मधून रिक्वायरमेंट्स फाइल वाचून यादी भरणारी ती 'हुशार' चार ओळींची युक्ती कृपया विसरा.

एवढ्याशा कामाला फ्लिट, म्हणजे लायब्ररी बांधून पायपीआयवर चढवणारं छोटं साधन, पुरतं. 'फ्लिट इनिट' चार प्रश्न विचारून पायप्रोजेक्ट लिहून देतं, यादी आपण भरायची, 'फ्लिट पब्लिश' व्हील आणि सोर्स दोन्ही चढवतं. पण चढवण्याआधी नवीन, रिकामं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट करून त्यात बसवून बघाच. पायपीआयवर एकदा गेलेली फाइल बदलता येत नाही. डिलीट केली तरी तेच नाव पुन्हा वापरता येत नाही.

त्या मुलाने ०.१.० यँक केली, म्हणजे पिपने आपणहून ती निवडू नये अशी मागे घेतली. ०.१.१ मध्ये डिपेन्डन्सीजच्या दोन ओळी उरल्या.