बॅकअप निवडताना आधी रिस्टोअर पाहा

घरच्या कॉम्प्युटरचा बॅकअप आहे का असं विचारलं, की बहुतेक घरांतून उत्तर येतं, ‘हो, सगळं ड्राइव्हवर आहे.’ हे उत्तर अर्धंच बरोबर असतं. गूगल ड्राइव्ह, वनड्राइव्ह, ड्रॉपबॉक्स या सेवा मुळात सिंकसाठी आहेत. कॉम्प्युटरवर जे होईल तेच सर्व्हरवर करायचं, एवढं त्यांचं काम. तुम्ही चुकून फोल्डर उडवला तर तो तिथूनही उडतो. फाइल बिघडली तर बिघडलेली फाइल इमानेइतबारे वर जाते.

उडवलेली फाइल लगेच नष्ट होत नाही, हे खरं. गूगल ड्राइव्हच्या ट्रॅशमध्ये ती ३० दिवस राहते, वनड्राइव्हच्या घरगुती खात्यातही ३० दिवस. पण मे महिन्यात जागा करण्यासाठी उडवलेला लग्नाचा व्हिडिओ माणूस दिवाळीत शोधतो. तोवर ट्रॅश कधीच रिकामी झालेली असते. म्हणून ऑनलाइन बॅकअप निवडताना ‘किती जीबी मिळतात’ हा प्रश्न मागे ठेवा. उडवलेली किंवा बदललेली फाइल किती काळ परत मिळते, हे आधी विचारा.

या प्रश्नावर कंपन्यांची उत्तरं खूप वेगवेगळी आहेत. बॅकब्लेझची घरगुती सेवा फायलींचा इतिहास पूर्वी ३० दिवस ठेवायची. आता एक वर्षाचा पर्याय आहे आणि जास्त पैसे भरले तर इतिहास कायमचा राहतो. आयड्राइव्ह दिवस मोजत नाही, आवृत्त्या मोजते: प्रत्येक फाइलच्या मागच्या ३० आवृत्त्या. ऐकायला दोन्ही सारखंच वाटतं, पण हिशेब करून पाहा. वर्षातून दोनदा बदलणाऱ्या मृत्युपत्राच्या मसुद्याला ३० आवृत्त्या १५ वर्षं पुरतील. दर तासाला बॅकअप होणारी दुकानाच्या हिशेबाची फाइल मात्र त्या ३० आवृत्त्या ३० तासांत संपवते. शुक्रवारी घुसलेली चूक सोमवारी लक्षात आली, तर चांगली प्रत शिल्लक नसण्याची शक्यता बरीच. अशा फायलींचा बॅकअप दिवसातून एकदाच, रात्री होईल असं वेळापत्रक लावावं.

रॅन्समवेअरशी, म्हणजे फायली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या प्रोग्रॅमशीही, गाठ इथेच पडते. घरगुती कॉम्प्युटरवर येणारं रॅन्समवेअर बरेचदा क्रॅक केलेल्या सॉफ्टवेअरसोबत येतं. ‘स्टॉप’ किंवा ‘डीजेव्हीयू’ नावाने ओळखली जाणारी जात याच वाटेने पसरली. असा प्रोग्रॅम फायली कुलूपबंद करतोच, शिवाय विंडोजने त्याच डिस्कवर जपलेल्या जुन्या प्रतीही पुसून टाकतो. जोडून ठेवलेली यूएसबी हार्ड डिस्कही सुटत नाही, कारण विंडोजच्या दृष्टीने ती आणखी एक ड्राइव्हच असते. अशा वेळी उपयोगी पडते ती फक्त आदल्या तारखेची प्रत, आणि तीही तुमच्या कॉम्प्युटरवरून पुसता न येणारी. वनड्राइव्हच्या पैसे भरून घेतलेल्या खात्यात सगळं एकदम ३० दिवसांपर्यंत मागे नेता येतं, ही त्यातल्या त्यात चांगली सोय आहे.

आता बॅकअपचं सॉफ्टवेअर काय करतं ते पाहू, कारण बऱ्याच अडचणींचं मूळ तिथे आहे. ते फाइल तुकड्यांत कापतं आणि प्रत्येक तुकड्याचा हॅश काढतं. हॅश म्हणजे त्या तुकड्यातल्या मजकुरावरून गणिताने काढलेला ठरावीक लांबीचा आकडा, बोटाच्या ठशासारखा. एक अक्षर बदललं तरी हॅश पूर्ण बदलतो. सर्व्हरकडे तो हॅश आधीच असेल तर तुकडा पाठवायची गरजच नाही. त्यामुळे पहिला बॅकअप दिवसेंदिवस चालतो आणि दुसरा काही मिनिटांत आटपतो. तुकडे सरसकट सारख्या लांबीचे असतील तर एक गोची होते. फाइलच्या सुरुवातीला एक अक्षर घातलं की पुढचा सगळा मजकूर एका घराने सरकतो, आणि प्रत्येक तुकडा ‘नवा’ ठरतो. रेस्टिक आणि कोपिया ही मोफत सॉफ्टवेअर यावर तोड म्हणून तुकडा कुठे कापायचा ते आतल्या मजकुरावरूनच ठरवतात.

फाइल बदलली की नाही हे ठरवताना मात्र बहुतेक सॉफ्टवेअर आधी फक्त तारीख आणि आकार बघतात. व्हेराक्रिप्ट (अनेक फायली एका कुलूपबंद फाइलमध्ये ठेवणारं सॉफ्टवेअर) वापरणाऱ्यांनी इथे सावध राहावं. त्याची कुलूपबंद फाइल आतून बदलली तरी आकार तोच राहतो, आणि व्हेराक्रिप्ट मुद्दाम तारीखही जुनीच ठेवतं. बॅकअपला बदल कळतच नाही. प्रेफरन्सेसमध्ये जाऊन तारीख जपण्याची खूण काढली की काम होतं. आउटलुक ज्यात मेल साठवतं त्या पीएसटी फाइलची तऱ्हा वेगळी: आउटलुक उघडं असेपर्यंत ती अडकलेली असते. उघड्या फाइलची प्रत विंडोजच्या शॅडो कॉपीमधून (विंडोज त्या क्षणाची गोठवून देतं त्या प्रतीतून) घेता येते का, हे सेवा घेण्याआधी विचारून घ्या.

पहिल्या अपलोडचा हिशेब सोपा आहे. समजा फोटो आणि व्हिडिओ मिळून ४०० जीबी आहेत आणि फायबरचा अपलोड वेग ४० एमबीपीएस आहे. एमबीपीएसमध्ये बिट मोजतात आणि जीबीमध्ये बाइट, म्हणून ४०० ला ८,००० ने गुणायचं आणि ४० ने भागायचं: ८०,००० सेकंद, म्हणजे साधारण २२ तास. प्रत्यक्षात याच्या दुप्पट-तिप्पट वेळ धरावा. सर्व्हर अमेरिकेत असेल तर भारतातून गेलेल्या डेटाच्या पाकिटाची पोच यायला पाव सेकंद लागू शकतो. पोच येण्याआधी एका जोडणीवर फक्त २५६ केबी पाठवता येत असतील, तर लाइन कितीही जाड असली तरी वेग ८ एमबीपीएसच्या वर जाणार नाही. उपाय म्हणजे एकाच वेळी अनेक जोडण्या. सेटिंगमध्ये ‘थ्रेड’ हा शब्द दिसला तर तो आकडा ८ किंवा १० करून पाहा. आणि बॅकअप लाइन पूर्ण भरून टाकत असेल तर ऑनलाइन शाळा आणि व्हिडिओ कॉल अडखळू लागतात, कारण डाउनलोडच्या पोचपावत्याही त्याच अपलोडच्या रांगेत उभ्या असतात. मर्यादा वेगाच्या ७० ते ८० टक्क्यांवर ठेवली की घरातली कुरकुर थांबते. ‘अनलिमिटेड’ म्हणून विकल्या जाणाऱ्या फायबर प्लॅनलाही महिन्याची मर्यादा असते (बऱ्याच ठिकाणी सुमारे ३.३ टीबी), आणि त्यात अपलोडही मोजलं जातं.

सेवेच्या जाहिरातीत ‘सगळं आपोआप’ असं लिहिलेलं असतं. ते खरं मानू नका; वगळलेल्या गोष्टींची यादी शोधून वाचा. बॅकब्लेझ विंडोजचा फोल्डर आणि प्रोग्रॅम फाइल्सचा फोल्डर घेत नाही. कार्बोनाइटच्या साध्या योजनेत व्हिडिओ आणि ४ जीबीपेक्षा मोठ्या फायली आपोआप जात नाहीत, त्या हाताने निवडाव्या लागतात. पहिली गोष्ट तशी रास्त आहे, विंडोज पुन्हा टाकता येतं. पण घरी डीटीपीचं काम करणाऱ्याला तीच भोवते. श्रीलिपी किंवा कृतिदेव अशा जुन्या फाँटमध्ये केलेल्या पेजमेकर आणि कोरलड्रॉच्या फायलींत खरी मराठी अक्षरं नसतात. असतात इंग्रजी अक्षरांचे कोड, आणि त्यांना मराठी रूप देतो तो फाँट. फाँट राहतात विंडोजच्या फोल्डरात. नव्या कॉम्प्युटरवर सगळ्या फायली सुखरूप परत येतात, उघडल्यावर मात्र लग्नपत्रिकेच्या जागी निरर्थक चिन्हं दिसतात. युनिकोडमध्ये टाइप केलेल्या मजकुराला हा धोका नाही. जुन्यासाठी एकच करायचं: लागणारे सगळे फाँट आणि त्या सॉफ्टवेअरचा लायसन्स क्रमांक डॉक्युमेंट्समध्ये एक फोल्डर करून तिथे ठेवायचा. टॅलीचा डेटाही नेमका कुठे आहे ते टॅलीत कंपनी निवडण्याच्या पडद्यावर दिसतं. तो फोल्डर बॅकअपच्या यादीत आहे ना, ते एकदा डोळ्यांनी पाहा.

विंडोज ११ ची आणखी एक खोड आहे. सुरुवातीच्या सेटिंगमध्ये ‘हो’ म्हटलं, की डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्स वनड्राइव्हमध्ये जातात. जागा वाचवण्यासाठी वनड्राइव्ह त्यातल्या न वापरलेल्या फायली फक्त सर्व्हरवर ठेवू शकतं. कॉम्प्युटरवर नाव आणि चित्र दिसतं, आत काहीच नसतं. नावाशेजारी ढगाचं चिन्ह असेल तर फाइल तिथे नाही, आणि बॅकअप सॉफ्टवेअर अशा फायली सहसा सोडून देतं. फोल्डरवर उजवी क्लिक करून ‘नेहमी या डिव्हाइसवर ठेवा’ निवडावं लागतं.

बाहेरच्या हार्ड डिस्कचा बॅकअप घेणाऱ्या सेवा ती डिस्क अधूनमधून जोडली जावी अशी अट घालतात. बॅकब्लेझच्या ३० दिवसांच्या योजनेत तेवढे दिवस डिस्क जोडली नाही, तर तिची प्रत सर्व्हरवरून काढली जाते. ‘जुने फोटो त्या डिस्कवर, ती कपाटात’ अशी व्यवस्था असणाऱ्या घरांनी एक वर्षाचा इतिहासच निवडावा.

एन्क्रिप्शनबद्दल, म्हणजे फायली कुलूपबंद करून ठेवण्याबद्दल, जाहिराती फार बोलतात. भक्कम एन्क्रिप्शन बहुतेक सगळेच वापरतात, त्यावर वेळ घालवू नका. प्रश्न ते कुलूप उघडणाऱ्या किल्लीचा आहे. किल्ली कंपनीकडे असेल तर पासवर्ड विसरला तरी फायली मिळतात, पण कंपनीला त्या वाचता येतात. खासगी किल्ली घेतली तर तुमच्याशिवाय कोणालाच नाही, आणि ती हरवली तर तुम्हालाही नाही. कस्टमर केअरला कितीही फोन करा. बॅकब्लेझमध्ये खासगी किल्ली असली तरी वेबसाइटवरून फायली परत घेताना ती तिथे टाइप करावी लागते, हेही माहीत असू द्या. खासगी किल्ली जरूर घ्यावी, पण ती कागदावर लिहून घराच्या कागदपत्रांच्या फाइलमध्ये ठेवावी आणि घरातल्या आणखी एकाला सांगून ठेवावी. बॅकअप लावणारा माणूसच उरला नाही तर फोटो कोणासाठी जपले?

सर्व्हरवरची डिस्कही बिघडतेच. बॅकब्लेझ आपल्या लाखो डिस्कची आकडेवारी २०१३ पासून जाहीर करते. २०२४ मध्ये वर्षभरात बिघडलेल्या डिस्कचं प्रमाण १.५७ टक्के होतं. म्हणून फाइल एका डिस्कवर ठेवत नाहीत. त्यांच्या मूळ रचनेत फाइलचे १७ तुकडे करून त्यांवरून आणखी ३ तुकडे गणिताने काढतात आणि ते २० वेगवेगळ्या यंत्रांत ठेवतात. २० पैकी कोणतेही १७ सापडले की फाइल पूर्ण उभी राहते. हे रीड-सॉलोमन गणित १९६० सालचं. ओरखडा पडलेली सीडी वाजायची ती याच्याच जोरावर. पण सगळी यंत्रं एकाच इमारतीत असली तर आगीपुढे गणित चालत नाही. १० मार्च २०२१ ला फ्रान्समध्ये स्ट्रासबुर्गला ओव्हीएच कंपनीचं डेटा सेंटर जळालं, तेव्हा मूळ डेटा आणि बॅकअप दोन्ही तिथेच ठेवणाऱ्या ग्राहकांचं दोन्ही गेलं. छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला ३-२-१ नियम यासाठीच आहे: तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, एक घराबाहेर. ऑनलाइन सेवा ही तिसरी प्रत. दुसरी, म्हणजे घरातली यूएसबी डिस्क, बॅकअप झाला की काढून ठेवायची.

आग लागायचीही गरज नसते, कंपनी धंदाच बदलते. मोझीने २०११ मध्ये अमर्याद जागा बंद केली. क्रॅशप्लॅनने घरगुती सेवा गुंडाळत असल्याचं ऑगस्ट २०१७ मध्ये सांगितलं आणि ऑक्टोबर २०१८ मध्ये ती बंद झाली. अ‍ॅमेझॉन ड्राइव्ह २०२३ च्या शेवटी संपली. त्यामुळे पाच वर्षांचे पैसे एकदम भरून मिळणारी सवलत फारशी कामाची नाही. भारतीय कार्डधारकांची वेगळीच पंचाईत आहे: रिझर्व्ह बँकेचे आपोआप कापल्या जाणाऱ्या पैशांचे नियम १ ऑक्टोबर २०२१ पासून लागू झाले, आणि परदेशी कंपनीने त्या व्यवस्थेत नोंद केलेली नसेल तर नूतनीकरणाचं पेमेंट फेल होतं. काही दिवसांत खातं थांबतं, पुढे डेटा पुसला जातो. वर्षाची योजना घ्या, कॅलेंडरमध्ये महिनाभर आधीची आठवण लावा, पैसे हाताने भरा.

कोणी काय घ्यावं? एकच कॉम्प्युटर आणि त्यात टीबीभर फोटो-व्हिडिओ असतील तर कॉम्प्युटरमागे दर घेणारी, जागेची मर्यादा नसलेली योजना स्वस्त पडते. तीन लॅपटॉप, चार फोन आणि सगळं मिळून दोनशे-तीनशे जीबी, अशा घराला जागेवर दर असणारी, कितीही उपकरणं चालणारी योजना बरी. लिनक्स असेल तर बॅकब्लेझची घरगुती सेवा चालतच नाही; तिथे सर्व्हरवर भाड्याची जागा घेऊन रेस्टिक किंवा कोपिया लावावं. खटपट करायची तयारी असणाऱ्यांना विंडोजवरही हाच मार्ग सर्वांत मोकळा आहे, कारण जागा देणारी कंपनी बदलली तरी सॉफ्टवेअर तेच राहतं.

चाचणीच्या मुदतीत अपलोड किती झालं ते बघत बसण्यापेक्षा रिस्टोअर करून पाहा. तीन गोष्टी परत मागवा: मराठी नावाचा एखादा फोल्डर, ४ जीबीपेक्षा मोठा व्हिडिओ, आणि काल बदललेल्या फाइलची परवाची आवृत्ती. हे दुसऱ्या कॉम्प्युटरवर करा, म्हणजे किल्ली खरंच हाताशी आहे का ते कळेल. झिपमधून आलेली देवनागरी नावं विचित्र दिसली तर दोष बहुधा झिप उघडणाऱ्या जुन्या प्रोग्रॅमचा असतो; सेव्हन-झिपने उघडून पाहा. त्याच्याच उजव्या क्लिकच्या मेनूत हॅश काढण्याची सोय आहे. मूळ आणि परत आलेल्या व्हिडिओचा शा-२५६ (हॅशचा एक प्रकार) जुळला, तर एक बिटही हललेला नाही.

सेवा बदलताना जुनी लगेच बंद करू नका. इतिहास एका कंपनीकडून दुसरीकडे नेता येत नाही. नव्या सेवेकडे पहिल्या दिवशी फक्त आजची प्रत असते. पहिलं अपलोड पूर्ण होऊन वरच्या तिन्ही फायली तिथूनही परत येईपर्यंत, आणि जमल्यास पुढचे दोन-तीन महिने, दोन्हीचे पैसे भरा.